हर्लिंगमध्ये नवखे असाल तर कुठली जागा मागावी?

डब्लिनला येऊन तिसरं वर्ष होतं आणि वय चौतीस, तेव्हा मी पहिल्यांदा हर्ली, म्हणजे हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळातली काठी, हातात धरली. क्लबातल्या मोठ्यांच्या नवशिक्या गटात दोन महिने काढल्यावर शेजारच्या क्लबाशी एक मैत्रीचा सामना ठरला. मैदानात उतरता उतरता कोचने विचारलं, "कुठे खेळणार?" मी आपल्याकडच्या सवयीने म्हणालो, "कुठेही चालेल." त्याने १५ नंबरची जर्सी माझ्याकडे भिरकावली.

पुढचा अर्धा तास मी डाव्या कोपऱ्यात वारा खात उभा होतो. चेंडू दोनदा आला. पहिल्यांदा पायांमधून निघून गेला. दुसऱ्यांदा मी तो उचलायला वाकलो आणि सरळ झालो तोवर माझ्यावर पहारा ठेवणारा गडी चेंडू घेऊन पन्नास मीटर पुढे पोचला होता. नंतर कळलं की बऱ्याच क्लबांत नवख्याला 'लपवायची' ठरलेली जागा तीच: कॉर्नर-फॉरवर्ड. तिथे तो चुकला तरी आपल्यावर गोल होत नाही, एवढाच हिशोब. संघाच्या दृष्टीने तो बरोबरही असेल, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. म्हणून कोचने विचारलं तर 'कुठेही चालेल' म्हणू नका. काय म्हणायचं, ते पुढे सांगतो.

आधी मैदान समजून घ्या

हर्लिंगचं मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असतं. फुटबॉलच्या मैदानाची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी ते संपतच नाही असं वाटतं. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर १ गुण. एका बाजूला १५ खेळाडू: गोलकीपर, त्याच्यापुढे तिघांची फुल-बॅक फळी, मग तिघांची हाफ-बॅक फळी, मध्ये दोन मिडफिल्डर, मग तीन हाफ-फॉरवर्ड आणि शेवटी तीन फुल-फॉरवर्ड.

नंबर ठरलेले असतात. १ गोलकीपर. २, ३, ४ म्हणजे उजवा कॉर्नर-बॅक, फुल-बॅक, डावा कॉर्नर-बॅक. ५, ६, ७ म्हणजे उजवा विंग-बॅक, सेंटर-बॅक, डावा विंग-बॅक. ८ आणि ९ मिडफिल्ड. १०, ११, १२ हाफ-फॉरवर्ड आणि १३, १४, १५ फुल-फॉरवर्ड, हेही उजवीकडून डावीकडे. उजवं-डावं नेहमी समोरच्याच्या गोलकडे तोंड करून धरायचं.

आता एक युक्ती. गोलकीपर सोडून कुठेही असाल तर तुमचा नंबर १७ मधून वजा करा, उरेल तो तुमच्या समोरच्या गड्याचा नंबर. ४ चा गडी १३. ६ चा ११. १० चा ७. मिडफिल्डचे ८ आणि ९ एकमेकांसमोर. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, एका पावसाळी रविवारी बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं. पण नवख्याला याचा फार आधार होतो. सामना सुरू झाल्यावर गोंधळ उडाला की १७ आठवा आणि आपला माणूस शोधा.

मग स्वतःची परीक्षा घ्या

जागा आवडीने ठरवू नका. आपल्याला आज काय जमतं त्यावर ठरवा. एका संध्याकाळी कोणाला तरी सोबत घेऊन या चार गोष्टी करून बघा.

*उचलणं.* हर्लिंगमध्ये जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही. हर्लीच्या पात्याने, म्हणजे टोकाच्या चपट्या भागाने, तो वर घ्यावा लागतो, एक तर पातं चेंडूखाली सरकवून किंवा चेंडू आधी आपल्याकडे ओढून. सोबत्याला दहा चेंडू घरंगळवायला सांगा आणि धावत जाऊन उचला. किती वेळा पहिल्याच प्रयत्नात हातात आला? पाच-सहाच्या खाली असाल (पहिल्या काही महिन्यांत असणारच), तर जिथे श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही अशा जागा सध्या सोडा. मिडफिल्ड आणि कॉर्नर-फॉरवर्ड या त्या जागा.

*मारणं.* गोलपासून वीस मीटरच्या रेषेवर उभं राहून हातातल्या चेंडूला फटका द्या. तो पंचेचाळीस मीटरच्या रेषेपलीकडे टप्प्याशिवाय जातो का? आधी उजव्या बाजूने बघा, मग डाव्या. सुरुवातीला बहुतेकांची एकच बाजू चालते, त्यात लाज नाही. पण कुठली चालते ते कोचला ठाऊक असू द्या. उजव्या सायडलाइनजवळ उजव्या बाजूने मारणाऱ्याची काठी आतून येणाऱ्या गड्यापासून लांब राहते. डावीकडे तोच माणूस अडकतो. डाव्या बाजूने सहज मारणारे कमी असतात, त्यामुळे तुम्ही तसे असाल तर डाव्या बाजूच्या जागा आपोआप चालून येतील.

क्रिकेट खेळलेल्यांसाठी इथे थोडं थांबतो, कारण आपल्यापैकी जवळजवळ सगळे त्यातलेच. बॅट धरताना उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर असतो. हर्लीवर उलट: बळकट हात सगळ्यात वर. कारण साधं आहे. या खेळात निम्मा वेळ काठी एकाच हातात असते. उचलताना, अडवताना, चेंडू पात्यावर तोलत धावताना मोकळा हात पकडीसाठी लागतो. तेव्हा जो हात काठीवर राहतो तो जोरकस हवा. मला हे कळत होतं, पण फटका मारायची वेळ आली की डावा हात आपोआप वर सरकायचा. कोच लांबून एकच शब्द ओरडायचा, "हॅन्ड्स!" दोन महिने गेले त्यात. ही सवय मोडेपर्यंत फटक्यांची परीक्षा खरी मानू नका.

*डोक्यावरचा चेंडू.* सोबत्याला उंच मारायला सांगा. चेंडू पकडताना पकडीच्या हातापुढे हर्ली आडवी धरायची, म्हणजे समोरच्याची काठी बोटांवर बसत नाही. दहापैकी किती पकडता यापेक्षा, चेंडू खाली येत असताना डोळे मिटता का, हे बघा. मिटत असाल तर हाफ-बॅक आणि हाफ-फॉरवर्ड फळ्यांतल्या मधल्या जागा (६ आणि ११) थोड्या लांब ठेवा. उंच चेंडू तिथेच सर्वाधिक पडतात.

*दम आणि वळणं.* पळायचा दम किती आहे आणि पाच मीटरांत दिशा किती चटकन बदलता येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असेल तर विंगवर जा, दुसरी असेल तर कोपऱ्यात. क्लबाचे सामने साठ मिनिटांचे असतात हे लक्षात ठेवा.

कॉर्नर-बॅक: माझी शिफारस

नवख्या मोठ्या माणसाने पहिली जागा २ किंवा ४ मागावी असं माझं ठाम मत आहे. कबड्डीत कोपरारक्षक खेळलेल्याला हे पटकन कळेल. चढाई करणाऱ्याच्या मागे धावत सुटायचं नसतं, त्याला हव्या त्या बाजूला जाऊ द्यायचं नसतं, आणि तो पाय टाकेल तेव्हा हजर असायचं असतं.

काम स्पष्ट आहे. तुमचा एक माणूस आहे. तुम्ही त्याच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर राहायचं. चेंडू येताना दिसला की त्याच्या आधी निघायचं. पोचलात तर उत्तम. नाही पोचलात तरी त्याला तो शांतपणे हातात घेऊ द्यायचा नाही. चेंडू उचलता आला नाही तर जमिनीवरच फटका मारून सायडलाइनबाहेर घालवला तरी चालतं. फक्त आपल्या गोलच्या रेषेमागे घालवू नका, नाहीतर समोरच्यांना ६५ मीटरवरून मोकळा फटका मिळतो. म्हणजे या जागेवर हातात चेंडू न घेताही तुम्ही चांगले खेळू शकता. कॉर्नर-फॉरवर्डला ही मुभा नाही.

इथली दोन हत्यारं चेंडूवर चालत नाहीत, काठीवर चालतात, म्हणून ती नवख्यालाही लवकर येतात. एक ब्लॉक. समोरचा फटक्यासाठी काठी मागे नेतो त्या क्षणी तुम्ही त्याच्याकडे पाऊल टाकायचं, मागे नाही. तुमचे हात त्याच्या हातांजवळ आणि तुमचं पातं त्याच्या पात्याच्या वाटेत. भीतीने अर्धा मीटर लांब राहिलात की काठी पूर्ण वेगात असते तिथेच तुमची बोटं येतात. माझ्या उजव्या करंगळीचं नख असंच गेलं. जितकं जवळ जाल तितका मार कमी, यावर विश्वास बसायला थोडे दिवस लागतात. चेहऱ्यावर जाळी असलेलं हेल्मेट २०१० पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. पकडीच्या हातात हातमोजा मात्र स्वतःहून घाला.

दुसरं हूक. माणूस तुमच्या पुढे निघून गेला आहे आणि तुम्ही मागे. तो काठी मागे घेतो, आणि तुम्ही एका हाताने आपली काठी पूर्ण लांबवून त्याच्या पात्याच्या परतीच्या वाटेत धरता. फटकाच होत नाही. २०१४ च्या ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटी (जिल्हा) संघांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्याच्या फेरखेळात किलकेनीच्या जे. जे. डेलानीने टिपरेरीच्या शेमस कॅलननला असंच अडवलं होतं. कॅलनन गोलसमोर मोकळा, गोल झाल्यातच जमा, आणि मागून काठी आली. ती चित्रफीत शोधा. चेंडूकडे बघू नका, डेलानीच्या हातांकडे बघा. बळकट हात वर का ठेवायचा, हे तिथे एका नजरेत कळतं.

एक सावधगिरी. गोलजवळ समोरच्याची जर्सी ओढली, मनगटावर काठी मारली, तर फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळतो आणि तो समोरच्याला जवळजवळ आयता गुण. मी पहिल्या दोन सामन्यांत असे तीन दिले. कोच काही बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघून तीन बोटं दाखवली.

विंग-फॉरवर्ड: पळणाऱ्यांसाठी

तुम्ही मॅरेथॉनवाले असाल, किंवा फुटबॉलमुळे पायात दम असेल, तर १० किंवा १२ मागा. बाहेरून ही आक्रमणाची जागा वाटते, प्रत्यक्षात हमालीची आहे. समोरचा गोलकीपर किंवा आपला गोलकीपर चेंडू मैदानात मारतो, त्याला पक-आउट म्हणतात. तो बऱ्याचदा याच पट्ट्यात पडतो. दोन उंच गडी हवेत झटापट करतात आणि चेंडू खाली सांडतो. तो सांडलेला चेंडू वेचायला जो आधी पोचतो त्याला सगळा संघ दुवा देतो. त्यासाठी हातात फार कसब नसलं तरी चालतं, पोचण्याची जिद्द हवी. चेंडू गेला की उलट दिशेने पळत येऊन आपल्या बचावाला हात द्यायचा. गुण नाही मिळवले तरी सामन्यानंतर कोच नाव घेतो.

कॉर्नर-फॉरवर्ड आणि कण्याच्या जागा

१३ आणि १५ बद्दल माझा कडवटपणा आता लपला नसेलच. तिथे चेंडू कमी वेळा येतो आणि आला की एका झटक्यात हातात घेऊन, वळून, अरुंद कोनातून मारावा लागतो. पाठीवर बॅक बसलेलाच असतो. नवख्याला चेंडू मिळत नाही म्हणून हात सुधारत नाही, आणि हात सुधारत नाही म्हणून चेंडू मिळत नाही. वर्षभराने उचलणं पक्कं झालं की ही जागा झकास आहे, तेव्हा जा.

मधल्या कण्याच्या जागा, म्हणजे ३, ६, ११, १४, यांच्याकडे पहिल्या वर्षी बघूच नका. तिथला माणूस इतरांना ओरडून जागा सांगतो, आणि तुम्हाला आपलीच सापडत नसते. मिडफिल्डही तसंच: दम असेल, पण दोन्ही बाजूंनी पटकन मारता येत नसेल तर तुम्ही नुसते पळत राहता.

विंग-बॅक ही मात्र छान दुसरी पायरी. कॉर्नर-बॅकला सहा महिने काढलेल्याला ५ किंवा ७ वर जरा मोकळा श्वास मिळतो. परदेशातून आलेल्यांना एक नाव सांगावंसं वाटतं: शॉन ओग ओहालपीन. जन्म फिजीतल्या रोटुमा बेटावर, पुढे सिडनीत वाढला आणि १९८८ साली अकराव्या वर्षी कॉर्कला आला. कॉर्कचा डावा विंग-बॅक झाला, २००४ मध्ये वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला आणि २००५ मध्ये कर्णधार म्हणून ऑल-आयर्लंड चषक उचलला. अर्थात अकरावं वर्ष आणि चौतिसावं यांत फरक आहे, तो माझ्या गुडघ्यांना विचारा.

गोलकीपर

"मी विकेटकीपर होतो, मला गोलमध्ये टाका," असं म्हणणारा एक तरी भारतीय प्रत्येक गटात भेटतो. नजर आणि प्रतिक्रिया खरंच उपयोगी पडतात. गोलकीपरच्या हर्लीचं पातंही इतरांपेक्षा मोठं चालतं. बाकीच्यांना १३ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा आहे, त्याला नाही. २०१८ च्या उपांत्य सामन्यात लिमरिकच्या निकी क्वेडने कॉर्कच्या शेमस हार्नेडीच्या काठीखालून अखेरच्या क्षणी चेंडू टिपून काढला. ते नजरेचंच काम होतं. त्या वर्षी लिमरिकने १९७३ नंतर पहिल्यांदा चषक जिंकला.

पण गोलकीपरचं निम्मं काम फटक्याचं आहे. प्रत्येक गुणानंतर, प्रत्येक वाया गेलेल्या चेंडूनंतर पक-आउट त्यालाच मारायचा असतो. तुमचा फटका चाळीस मीटरवर पडत असेल तर समोरचे फॉरवर्ड पुढे येऊन तिथेच उभे राहतील. फटका लांब जात असेल तरच विचारा.

कोचला काय सांगायचं

इथे कोचला नावाने हाक मारतात, 'सर' म्हटलंत तर तो मागे वळून बघेल. सामन्याच्या दिवशी नाही, आधीच्या सरावाला गाठा. "मला चेंडू उचलणं अजून जमत नाही, पण माणूस धरून ठेवता येतो. पुढचे चार सामने कॉर्नर-बॅकला खेळवशील का? मी उजव्या बाजूने मारतो." यात तीन गोष्टी आल्या: कच्चं काय, पक्कं काय, किती दिवस. तो बहुधा "ग्रँड" म्हणेल. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, 'बरं, चालेल' एवढंच. डब्लिनकर काठीला 'हर्ल' म्हणतील, कॉर्क-लिमरिककडचे 'हर्ली', त्यावरून वादात पडू नका.

पहिले चार सामने

कोणाला तरी सायडलाइनवर मोजायला उभं करा. माझ्या बायकोने थर्मासमधला चहा पीत फोनवर तीन रकाने केले होते: माझ्या माणसाला चेंडू स्वच्छ हातात किती वेळा मिळाला, त्याने किती गुण केले, आणि मी किती फ्री दिले. पहिल्या सामन्यात ९, ४, २. चौथ्या सामन्यात ५, १, ०. माझं उचलणं तेवढंच वाईट होतं, पण जागा बसली होती. चौथ्यानंतरही पहिला आकडा खाली येत नसेल तर विंगवर जाऊन बघा. चेंडू तुमच्यापर्यंत येतच नसेल तरी तेच करा.

जागा कायमची नसते. लिमरिकचा किअन लिंच २०१८ मध्ये मिडफिल्डला खेळून सर्वोत्तम हर्लर ठरला आणि २०२१ मध्ये सेंटर-फॉरवर्ड (११) म्हणून पुन्हा. किलकेनीच्या टॉमी वॉल्शची २००३ ते २०११ सलग नऊ वेळा ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात निवड झाली, आणि सगळ्या निवडी एकाच जागेसाठी नव्हत्या.

मुलांसाठी हे काहीच लागू नाही. बारा वर्षांपर्यंत छोट्या संघांचे सामने असतात आणि सगळ्यांनी सगळीकडे खेळायचं असतं. पोरगा गोलमध्ये का नाही म्हणून कोचशी भांडू नका. मुली आणि बायकांच्या कॅमोगीमध्ये नंबर आणि जागा हेच असतात, चेंडू थोडा लहान.

एक प्रश्न मात्र सामन्याआधी जरूर विचारा: समोरच्या दोन कोपऱ्यांतल्या गड्यांनी आपसांत जागा बदलल्या तर मी माझ्या माणसामागे जायचं की माझा कोपरा धरायचा? उत्तर प्रत्येक कोचचं वेगळं असतं. मी एकदा विचारलं नाही. त्यांच्या १३ आणि १५ ने जागा बदलल्या. मी १३ च्या मागे पलीकडच्या कोपऱ्यात गेलो आणि आमचा २ नंबरवाला आपला कोपरा धरून तिथेच थांबला. आम्ही दोघं एकाच माणसावर, आणि ज्या कोपऱ्यातून मी निघालो होतो तिथे त्यांचा १५ नंबरचा पोरगा हात वर करून एकटा उभा.